विश्वासणाऱ्याचा आत्मिक अधिकार: घरात, कामावर, आजारपणात

सीनाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या तरुण संघात सध्या एकच विषय चाललाय: ख्रिस्ताने विश्वासणाऱ्याला दिलेला अधिकार. मुलं फोनवर जे संदेश ऐकतात त्यांत "मी आज्ञा देतो", "मी बांधतो", "मी मोडून टाकतो" अशी वाक्यं सारखी येतात. नोकरीची मुलाखत असो, पोटदुखी असो, बांधावरचं भांडण असो, उपाय एकच सांगितला जातो: अधिकाराने बोला. उलट आमच्या पिढीतले बरेच जण धरून चालतात की अधिकार पाळकसाहेबांचा, आपण 'आमेन' म्हणायचं. घरात कोणी आजारी पडलं तर पाळक येईपर्यंत साधी प्रार्थनाही होत नाही. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. का ते लिहितो, आणि तुमचं ऐकायचंय.

मी शताधिपतीपासून सुरुवात करतो (मत्तय ८). कफर्णहूमचा हा रोमी अंमलदार येशूला म्हणतो, तुम्ही माझ्या घरी येऊ नका, शब्द बोला, माझा चाकर बरा होईल. कारण काय देतो पाहा. मीही ताबेदार माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. स्वतःवर कोणाचा हुकूम चालतो ते तो आधी सांगतो, आपला हुकूम कोणावर चालतो ते नंतर. येशूला आश्चर्य वाटलं ते या माणसाच्या विश्वासाचं.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मुखत्यारपत्र घेऊन गेलेला माणूस आठवा. जमीन त्याची नसते. त्याची सही चालते, पण मालकाने लिहून दिलंय तेवढ्यापुरतीच. मालकाला न विचारता स्वतःच्या मेव्हण्याला प्लॉट विकायला निघाला तर तो गुन्हा होतो. "येशूच्या नावाने" मागताना आपण असेच दुसऱ्याच्या वतीने उभे असतो. नाव त्याचं, इच्छाही त्याचीच असायला हवी.

इफिसमध्ये स्किवाच्या सात मुलांनी काय केलं ते प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये आहे. पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ घालून ते दुरात्मा काढायला गेले आणि मार खाऊन उघडेच पळाले. नाव बरोबर होतं, शब्दही बरोबर होते, त्या नावाच्या मालकाशी मात्र त्यांची ओळख नव्हती. लूक १० मध्ये येशूने पाठवलेले सत्तर शिष्य आनंदाने परत येतात की भुतंसुद्धा आम्हाला वश होतात. येशू त्यांचा अधिकार काढून घेत नाही, उलट शत्रूच्या सगळ्या सामर्थ्यावर अधिकार दिलाय असं स्पष्ट सांगतो. आणि लगेच म्हणतो, त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना.

मला सगळ्यांत जास्त हलवणारा भाग योहान १३ मधला. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलंय हे जाणून येशू उठला, असं योहान लिहितो. सर्व काही हाती आल्यावर त्याने काय केलं? कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले.

म्हणून रोजच्या जगण्यात हा अधिकार मी पहिल्यांदा स्वतःवर चालवायचा. माझ्या जिभेवर, रागावर, पैशाच्या हावेवर. याकोब ४:७ मधला क्रम आपण उलटा करतो. तिथे आधी 'देवाच्या अधीन व्हा' आहे, त्यानंतर 'सैतानाला अडवा'. रात्रभर प्रार्थनेत सैतानाला अडवून सकाळी भावाशी वाटणीवरून खोटं बोलणारी माणसं पाहिली आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितोय. मग घर. आई, बाप, आजी, कोणीही मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू शकतं, त्यासाठी दीक्षा लागत नाही. पेत्राचं पहिलं पत्र (२:९) सगळ्या विश्वासणाऱ्यांना राजकीय (म्हणजे राजाचे) याजकगण म्हणतं, आणि ल्यूथरने १५२० मध्ये याच वचनावर उभं राहून रोमला जाब विचारला होता. आपण त्याच्या परंपरेतले, तरी घरची प्रार्थना पाळकांवर सोडून मोकळे होतो याचं मला फार वाईट वाटतं.

---

पाचूबंदर

मी वसईची, कॅथलिक. तुमचा शेवटचा मुद्दा वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडेही हीच सवय आहे, सगळं 'फादर बघतील'. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच स्पष्ट केलंय की ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या तिन्ही कार्यांत बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा वाटा आहे, प्रापंचिकांचासुद्धा. अगदी निकडीच्या वेळी, बाळ दगावण्याच्या बेतात असेल तर बाप्तिस्मासुद्धा कोणीही देऊ शकतं. परिचारिका, सुईण, बाप, कोणीही.

माझी आई रोज शाळेत जाताना आमच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करायची. आता मी माझ्या मुलींना करते. थोरली कॉलेजात जाते, तरी पुढे येऊन उभी राहते.

पण एक मर्यादा आमच्याकडे पक्की आहे. कोणाला भूतबाधा झालीय असं ठरवून विधिपूर्वक ती काढणं हे काम बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय धर्मगुरूलाही करता येत नाही, मग बाकीच्यांची गोष्टच सोडा. मला हे नियम शहाणपणाचे वाटतात. घाबरलेल्या घरात कोणीही शिरून 'इथे दुरात्मा आहे' असं जाहीर करू लागला की घरच्यांच्या पदरात फक्त भीती पडते.

---

उपवास_शुक्रवार

सीनाकाठ काका, प्रभूमध्ये सलाम. तुमचा आदर ठेवून लिहितो, पण तुम्ही विषयात पाणी घालताय. स्वतःवर संयम ठेवा हे तर सगळेच धर्म सांगतात. येशूने शिष्यांना अशुद्ध आत्म्यांवर अधिकार दिला हे मार्क ६ मध्ये सरळ लिहिलंय. फिलिप्पैमध्ये पौलाने एका दासीतल्या आत्म्याला 'निघून जा' म्हटलं आणि तो त्याच घटकेस निघाला. पौलाने तिला संयम शिकवला नाही.

मी दारूच्या पूर्ण आहारी गेलेला माणूस होतो. माझ्यासाठी गावातल्या चार बायका शुक्रवारी उपास धरून बसायच्या आणि मोठ्याने, नाव घेऊन, त्या व्यसनाला धमकवायच्या. मी सुटलो. आता कोणी म्हणालं की मोठ्याने प्रार्थना करणं म्हणजे तमाशा, तर मला ते सहन होत नाही.

आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ नव्हे. आपल्या केडगावला, मुक्तिसदनात १९०५ च्या जूनअखेर जे झालं ते आठवा. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि बालविधवा एकदम मोठ्या आवाजात रडत, पापं कबूल करत प्रार्थना करू लागल्या. पंडिता रमाबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. त्याच मुली टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या. ज्यांना घरात ताटावर बसायचा हक्क नव्हता त्या उभ्या राहून बोलू लागल्या. हा अधिकार नाही तर काय?

---

सीनाकाठ

भाऊ, तुमची साक्ष वाचून देवाचे आभार मानले. मोठ्याने प्रार्थनेला माझा विरोध नाही, आणि त्या चार बहिणी मला फार मोठ्या वाटतात. त्या उपाशी बसल्या, तेही दुसऱ्यासाठी. मी ज्या अधिकाराबद्दल बोलतोय तो हाच. माझा आक्षेप आज्ञा देणाऱ्याला काहीच किंमत पडत नाही अशा अधिकाराला आहे.

फिलिप्पैचं तुम्ही काढलंत ते उत्तम. ती गोष्ट पुढे वाचा. दासी मोकळी झाली आणि तिच्या धन्यांची कमाई बुडाली, म्हणून त्यांनी पौल आणि सीलाला फटके मारवून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. पौलाने शब्द उच्चारला, पण त्या शब्दाची किंमत त्याच्या पाठीने भरली. आणि आपल्यातले किती जण कोणाची तरी पिळवणूक थांबवण्यासाठी हा अधिकार वापरतात? त्या मुलीच्या अंगातला आत्मा आणि तिच्यावर पैसे कमावणारे मालक, दोघांशी एकाच वेळी सामना झाला होता.

यहूदाच्या पत्रातलं नववं वचनही पाहा. आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा सैतानाशी वाद घालताना त्याची निंदा करायला धजला नाही. 'प्रभू तुला धमकावो' एवढंच म्हणाला.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, मिरजेत शिकले. तिथल्या वानलेस हॉस्पिटलची सुरुवात १८९४ ची. मिशनच्या दवाखान्यांतून आपल्या समाजातल्या किती पिढ्यांच्या मुली या पेशात आल्या ते इथल्या बहुतेकांच्या घरात माहीत असेल. त्यामुळे आजारपणाबद्दल मी बोलते.

वॉर्डात मी मोठ्याने प्रार्थना करत नाही. पेशंट आपल्या ताब्यात असतो, कपडे बदलायलाही आपल्यावर अवलंबून असतो. अशा माणसावर आपली श्रद्धा लादणं मला अधिकाराचा गैरवापर वाटतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो. कोणी स्वतःहून म्हणालं, 'सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा', तर ड्युटी संपल्यावर थांबून करते. बाकी वेळी इंजेक्शन भरताना, ड्रेसिंग करताना मनातल्या मनात चालू असते.

आता कडू बोलते. 'औषध सोड, विश्वास ठेव' असं सांगून इन्सुलिन बंद केलेले, टीबीचा कोर्स अर्धवट टाकलेले पेशंट मी पाहिलेत. फिट येणाऱ्या पोरीला 'तिच्यात आहे काहीतरी' म्हणत तीन-तीन माणसांनी धरून ठेवलेलं पाहिलंय. तिला मिरगीची गोळी हवी होती. असं सांगणाऱ्यांनी पौलाची पत्रं नीट वाचावीत. त्याचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला पौलाने मिलेतात तसंच ठेवलं (२ तीमथ्य ४). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' हे उत्तर मिळालं, काटा निघाला नाही. पौलाचा अधिकार कमी पडला असं कोणी म्हणेल का? याकोब ५ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. औषध फेकून द्यावं असं कुठेही नाही.

आणि कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. करणारा बायबल हातात घेऊन करतोय म्हणून त्यात सूट मिळत नाही, मिळूही नये.

---

उपवास_शुक्रवार

ताई, बांधणं-मारणं करणाऱ्यांना मीही मंडळीत उभं करत नाही. येशूने कोणाला मारून भूत काढलं नाही. तुमचं हे मान्य.

---

मोहरीचा_दाणा

थोडं वेगळं विचारते. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. ऑडिटच्या आधी न घेतलेली रीडिंग्ज रजिस्टरमध्ये भरायला सांगतात. सगळे भरतात. घरी प्रार्थनेत मला सांगतात, 'तू शेपूट नाहीस, मस्तक आहेस, प्रमोशन तुझंच'. पण या रजिस्टरबद्दल कोणीच बोलत नाही. इथे माझा अधिकार म्हणजे नेमकं काय?

---

सीनाकाठ

बेटा, तुझ्या प्रश्नाने धागा खाली जमिनीवर आला. त्या रजिस्टरवर खोटी सही न करणं, हाच. 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' हे पेत्र आणि प्रेषित न्यायसभेसमोर म्हणाले (प्रेषितांची कृत्ये ५:२९), आणि त्याआधीच्या रात्री ते तुरुंगात होते. व्यवहारात मात्र शहाणपणाने वाग. बाबेलात दानिएलाने राजाचं अन्न नको म्हणताना थेट बंड केलं नाही, कारभाऱ्याला विनंती केली आणि दहा दिवसांची परीक्षा सुचवली. तूही आधी साहेबांकडे जा. रीडिंग खरोखर घ्यायला किती वेळ लागेल, कोणती मशीन रिकामी लागेल, ते कागदावर मांडून ने. नकार मिळाला तर मेलवर लिहून ठेव. प्रमोशन हुकलं तर तुझ्या विश्वासात खोट होती असं कोणाला म्हणू देऊ नकोस.

---

वाचनमात्र

मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे माळ आहे. धागा मनापासून वाचतोय. नारायण वामन टिळकांचे अभंग आमच्या वडिलांना पाठ होते, म्हणून इकडे डोकावलो. एक विचारतो: अधिकार सगळ्यांना आहे म्हणता, तर टिळकांसारख्या माणसालाही शेवटी मिशन का सोडावं लागलं?

---

दौंड_लोकल

दादा, चांगला प्रश्न. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पुढे पाळक म्हणून दीक्षाही झाली. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला गुरू मानणारे सगळे एकत्र बसतील अशी ती कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले, त्यामुळे काम वाढायला वेळ मिळाला नाही. माझं मत असं की परदेशी मंडळाच्या पगारावर राहून आपल्या लोकांशी आपल्या रीतीने बोलता येणार नाही हे त्यांना जाणवलं होतं. देवापुढे उभं राहायला मध्यस्थ कचेरी लागत नाही, हे त्यांनी नोकरी सोडून दाखवलं.

पण त्यांच्याही आधी हे रमाबाईंनी केलं, आणि किती एकट्या असताना! उपवास_शुक्रवार भाऊंनी १९०५ सांगितलं, मी १८८५ सांगते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झालेला. वय सत्तावीसच्या आसपास, विधवा, पदरी लहान मनोरमा, राहणं-शिकणं तिथल्या मठातल्या भगिनींच्या (सिस्टरांच्या) आधारावर. तरी त्यांच्या बिशपांनी, सिस्टरांनी काय मानावं, कोणाला शिकवावं हे ठरवायला घेतलं तेव्हा रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीनना पत्रांतून बजावलं की मला माझी विवेकबुद्धी आहे आणि मला स्वतः विचार करू द्या. भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, तसंच दुसरं मानेवर घ्यायची इच्छा नाही, असा त्याचा आशय. आश्रयदात्यांना असं लिहायला काय धैर्य लागलं असेल! त्यांनी ख्रिस्ताला सोडलं नाही. ख्रिस्ताच्या नावाने दुसऱ्या माणसाने मनाचा ताबा घ्यायला मात्र ठाम नकार दिला.

याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. मुक्तीतल्या बायकांनीच ते जुळवलं आणि छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. विश्वासणाऱ्याचा अधिकार म्हटलं की मला छपाईचे खिळे जुळवणारे ते हात दिसतात.

---

ओसरी

दौंड_लोकल ताई, तुमचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. आमच्या घरी 'मी कुटुंबाचं मस्तक आहे' हे वचन रोज निघतं. मी नोकरीचं विचारलं की माझ्यात बंडखोरीचा आत्मा आहे असं म्हणतात, आणि माझ्यावर हात ठेवून तो काढायची प्रार्थना करतात. फोन तपासतात, तोही 'आत्मिक अधिकार' म्हणून. कुटुंब प्रार्थना मी घ्यायची नाही, कारण मी बाई. मी चुकतेय का?

---

सीनाकाठ

नाही ताई. इफिस ५ मधलं ते वचन वाचणाऱ्याने आधीचं २१ वं वाचावं, 'एकमेकांच्या अधीन असा', आणि नंतरचं २५ वं, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी नवऱ्याने बायकोवर प्रीती करावी. मत्तय २० मध्ये येशूने स्पष्ट सांगितलं की परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यामध्ये तसं नसावं. बायकोचा फोन तपासायचा अधिकार कुठल्याही मुखत्यारपत्रात लिहिलेला नाही. राहिली प्रार्थना. तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजी लोईसमध्ये आणि आई युनीकेमध्ये होता असं पौल लिहितो. प्रिस्किल्लाने तर नवऱ्याच्या जोडीने अपुल्लोसारख्या विद्वानाला देवाचा मार्ग नीट समजावला. तुम्ही मुलांना घेऊन प्रार्थना जरूर घ्या.

---

रात्रपाळी

ओसरी ताई, एकच विचारते, हात उचलतात का? उत्तर इथे लिहू नका. उचलत असतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो, १८१ वर फोन लागतो. फोन तपासला जातोय म्हणून शेजारणीच्या किंवा बहिणीच्या फोनवरून करा. मारत नसतील तरी हे जे चाललंय ते सोसायलाच हवं असं समजू नका. तिथे फोन करणं अविश्वास नाही.

---

उपवास_शुक्रवार

वहिनी, भावकीतला माणूस म्हणून सांगतो. माझ्या तोंडी मघाशी अधिकाराच्या गोष्टी होत्या, म्हणून हे माझ्याकडूनच ऐका: नोकरी मागणाऱ्या बाईत दुरात्मा शोधणं हा प्रभूच्या नावाचा अपमान आहे. मत्तय १८ मध्ये रीत दिलीय. आधी एकट्याने बोलावं, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यावं, मग मंडळीला सांगावं. पण एकट्याने बोलण्याची भीती वाटत असेल तर ती पायरी सोडून द्या. तुमच्या मंडळीत विश्वासाच्या एक-दोन वयस्क बहिणी असतील, पहिल्यांदा त्यांना गाठा. त्यांनी पाळकांकडे तुमच्यासोबत यावं, आणि तुमच्या यजमानांशी बोलताना पाळकबाईही हजर असाव्यात. पाळकांनी 'सहन करा' म्हणून परत पाठवलं तर इथे लिहा किंवा मला निरोप द्या. त्या चार बायकांतल्या दोघी अजून आहेत. तुमचा तालुका जवळचा असेल तर त्या एसटीने येतील.